पुंजाजीचा परस

उंद्री, ३ एप्रिल १९३८

शेषराव, लेका,

आशीर्वाद पहिले घे. खुशाली शेवटी लिहितो, कारण आजची गोष्ट खुशालीहून मोठी हाय. आपली जुनी इहीर खोल झाली. कोणी खोदली नाई, सुरुंग लावला नाई. आपोआप खोल झाली.

पाडव्याच्या दोन दिवस आधी कडूबा वडाराची माणसं लावून गाळ काढला. पार खडक लागला. बावीस सालाआधी इहीर झाली तवा तळाच्या खडकावर मी छन्नीनं त्रिशूळ कोरला व्हता, तो तसाच निघाला. तवा मापली व्हती नऊ परस. तू त्या वक्ती शाळेत व्हता, पण तुले आठवत असंन. दोराचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, हात सरळ वर करायचा, अन् मधल्या बोटापर्यंत दोर ताणला का झाला एक परस. बाबाच्या मागून गावानं मलेच परस ठरवलं. वीस-बावीस इहिरी माह्या मापानं खोदल्या. दरवेळी नवा दोर, नवं माप. रस्त्याचा ओव्हरसेर एकदा लोखंडी फीत घेऊन आला व्हता, त्याले मी तोंडावर सांगितलं, तुही फीत उन्हात ताणते, माणूस ताणत नाई.

तर परवा पुन्हा माप घेतलं. साडेनऊच्या वर भरली. मले वाटलं चुकलो. दुसरा दोर घेतला, पुन्हा तेच. त्रिशुळासगट खडक खाली गेला, शेषराव. बायाइनं हळदकुंकू वाह्यलं, तुह्या वहिनीनं नारळ फोडलं. मी काठावर हात जोडून उभा राह्यलो अन् एकसष्ट वर्साच्या माणसाले रडू आलं. आपल्या घरावर देवाची येवढी नजर असंन असं वाटलं नव्हतं.

पलीकडे रामराव देशमुखाची नवी इहीर चालू हाय, खोदणारा कडूबाच, मजुरी परसावर. त्याले बी आपल्यासारखीच नऊ परस पाह्यजे. माप माह्यंच. आठ दिवसात होईन.

बाकी सारे खुशाल. तुह्या बायकोले, विमलबाईले, आशीर्वाद सांगजो.

तुहा
पुंजाजी


नागपूर, ८ एप्रिल १९३८

तीर्थरूप दादा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो आणि भीत भीत लिहितो. विमलनं पत्र ऐकून इथूनच विहिरीला हात जोडले. मलाही जोडायचे होते. पण दादा, पायऱ्या न ढळता, काठाचा एक चिरा न हलता खडक दोन-तीन हात खाली कसा जाईल?

तुम्हाला माझं काम माहीत आहे. एक्सरेच्या खोलीत अंधारात बसून हाडांचे फोटो धुतो आणि दोरीवर वाळत घालतो. आमचे डॉक्टरसाहेब गेल्या वर्षापासून एका नादाला लागले आहेत. कोणीही म्हातारा पुरुष कशासाठीही आला, तरी त्याच्या पाठीच्या कण्याचा फोटो काढून घेतात. ते म्हणतात, वय झाल्यावर बायांची हाडं आतून विरळ होतात असं पुस्तकात लिहिलेलं आहे, पण पुरुषांचं कोणी नीट बघितलंच नाही. पुरुष सांगत नाही आणि त्याला कोणी विचारत नाही.

विरळ झालेला मणका माणसाच्याच वजनानं दबतो. एक दबला तर कळतही नाही. चार-पाच दबले की माणूस उंचीनं उतरतो.

म्हणून एक मागणं आहे, रागावू नका. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहा आणि टाचेपासून टाळूपर्यंत सुतळीनं उंची घ्या. मग दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत वाव घ्या. तरुण माणसाची वाव आणि उंची जवळपास सारखी भरते. पुढं पाठ आखडली तरी हात आखडत नाहीत. दोन्हींत किती बोटांचा फरक पडतो तेवढंच कळवा. आणि पाठ दुखते का, तेही.

तुमचा
शेषराव


उंद्री, १४ एप्रिल १९३८

शेषराव,

तू मले खुजा म्हणून राह्यला का बे? ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तू चिखलीचा बाजार पाह्यला, त्याले सुतळी लावून माप म्हणतो. नागपूरच्या अंधाऱ्या खोलीत बसून तुह्यं डोकं बी अंधारात गेलं. देवानं दिलेलं तुह्या डोळ्यात काऊन खुपते?

पाठ दुखते म्हणशील तर कोणाची दुखत नाई? दोन सालाआधी मोट ओढाले बैलासंग जोर लावला अन् पाठीत कट् झालं. उसण भरली. आठ दिवस निजलो, तेल चोळलं, उठलो. गेल्या पावसाळ्यात शिंक आली अन् बरगडीत कळ मारली, महिनाभर कूस बदलता आली नाई. म्हातारपणी शिंक बी जोरात येते, त्याचा काय फोटो काढतो?

मी येवढा तापलो त्याचं कारण वेगळंच हाय, ते बी सांगतो. रामरावची इहीर झाली. माह्या परसानं बरोबर नऊ. त्यानं नवा नाडा वळेपर्यंत आपल्या मोटेचा नाडा मागून नेला. आपल्या इहिरीत मोट तळाले टेकली का नाड्याची गाठ बरोबर चाकावर येते. त्याच्या इहिरीत मोट टेकली अन् नाडा तीन हात उरला. रामराव चार माणसात म्हणे, दोन्ही इहिरी नऊ परस, मंग नाडा उरते कसा? मी म्हटलं, आमची देवानं खोल केली. तो हासला. त्याच्यासंगचे बी हासले.

बावीस सालात माह्या मापाले कोणी हासलं नव्हतं.

पुंजाजी


नागपूर, १९ एप्रिल १९३८

तीर्थरूप दादा,

मारायचं असेल तर मारा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

शिंकेनं बरगडी मोडत नाही. निदान मजबूत हाडाची मोडत नाही. तुमचं पत्र मी डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवलं. मोटेचं आणि शिंकेचं ऐकून ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, तुझ्या भावाला इथं घेऊन ये.

आता मी काय बघतो ते सांगतो. काल संध्याकाळी साहेबांनी पेटीतले सगळे फोटो काढले आणि खिडकीच्या काचेवर ओळीनं लावले. मी ते एकेक धुतले होते, पण असे एकत्र कधी पाहिले नव्हते. एक कोरकू आहे, तुमच्या तिकडचाच, सोनाळ्याच्या वरच्या डोंगरातला. सत्तरीचा असेल. मोहाच्या झाडावरून पडला म्हणून आणला होता. त्याचे मणके पांढरेशुभ्र, एकालाही धक्का नाही. त्याच्या शेजारी कापसाचा एक कच्छी व्यापारी, बावन्न वर्षांचा. त्याची हाडं इतकी धूसर, की मला वाटलं मीच फोटो नीट धुतला नाही. मग रेल्वेतला पंजाबी फिटर, पहाडासारखा माणूस, आणि त्याचे तीन मणके दबून पाचरीसारखे झालेले. मद्रासकडचा एक आचारी. एक पेन्शनर गोरा साहेब, ज्याच्यापुढं कलेक्टर कचेरीत सगळे उभे राहायचे. त्याचा कणा पुढं वाकून गेला आहे. नावाच्या चिठ्ठ्या काढल्या तर यातला साहेब कोण आणि आचारी कोण हे मला सांगता येणार नाही.

मी विचारलं, कोरकूचं शाबूत आणि फिटरचं गेलं, हे कशानं? डोंगर चढल्यानं? खाण्यानं? उन्हानं? की ते रक्तातच असतं? डॉक्टरसाहेबांनी कोरकूचा फोटो काचेवरून काढून पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, "शेषराव, मला माहीत नाही. दहा माणसांवरून दहा मुलखांबद्दल बोलू नये. पण हे कुणीतरी मोजलं पाहिजे." इतका शिकलेला माणूस माहीत नाही म्हणतो, याचं मला फार नवल वाटलं. हाड म्हणजे मेल्यावरही उरणारी वस्तू, असं आपण धरून चालतो. आणि ते आत, जिवंतपणी, आवाज न करता झिजत असतं. कोणाचं झिजतं, कोणाचं नाही. खिडकीसमोर उभं राहून माझ्या अंगावर काटा आला.

आणखी एक सांगायचं आहे, ते पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. गेल्या दिवाळीत मी पाया पडून उठलो आणि तुम्ही मला जवळ घेतलं. पूर्वी माझं कपाळ तुमच्या हनुवटीला लागायचं. या वेळी तुमचं कपाळ माझ्या कपाळाला लागलं. मी ते ओळखलं. रोज हेच बघणारा मी, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मला वाटलं, आपल्या दादाच्या बाबतीत हे खरं नसेल.

सुतळी घ्या, दादा. माझ्यासाठी.

शेषराव


उंद्री, २४ एप्रिल १९३८

शेषराव,

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. उत्तर द्याले मन नव्हतं. पण आता गोष्ट इहिरीची राह्यली नाई.

रामराव गावात सांगून राह्यला का पुंजाजीनं वडाराइची बाजू घेतली, परस आखूड धरला, कमी खोदून जास्त सांगितलं. मंगळवारी पंच बसले. मी म्हटलं, माह्या मापात खोट नाई. रामराव म्हणे, मंग खंडोबापुढे सांग. येत्या रविवारी, आखाजीच्या तोंडावर, साऱ्या गावासमोर बेलभंडार उचलायचा अन् म्हणायचं, बावीस सालाआधी जो माहा परस व्हता तोच आज हाय. मी कबूल झालो. उचलतो म्हटलं. भ्यायचं कायले? मी कोणाचं तीळभर खाल्लं नाई.

कडूबा घरी येऊन रडला. म्हणे, पुंजाजीभाऊ, माह्या पायी तुम्हाले देवाच्या दारात उभं करून राह्यले. त्याले म्हटलं, गप बस, चहा पी.

तू मागं लागला म्हून काल दार लावून तुह्या वहिनीच्या हातून सुतळी लावून घेतली. उंचीपेक्षा वाव आठ बोटं जास्त भरली. त्याचं काय येवढं? जलमभर दोर ओढले, हात लांब झाले असतीन.

रविवारी माह्यासाठी देवापुढे दिवा लावजो.

पुंजाजी


नागपूर, २७ एप्रिल १९३८

दादा,

हे पत्र शनिवारपर्यंत पोचावं म्हणून मी स्वतः स्टेशनवर जाऊन मेलच्या डब्यात टाकतो आहे. रजा मागितली, मिळाली नाही. नाहीतर मीच आलो असतो.

बेलभंडार उचलू नका. निदान ते शब्द म्हणू नका. तुम्ही खोटं बोलणार नाही, पण ते शब्द खोटे आहेत.

हात लांब होत नाहीत. तुम्ही आठ बोटं उतरला आहात. हात वर केला तरी बोट आठ बोटं खालीच पोचतं, म्हणजे तुमचा परस आठ बोटांनी आखूड झाला. आता मोजा. रामरावची विहीर नऊ परस. नऊ आठे बहात्तर. चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे बहात्तर बोटं हे बरोबर तीन हात. त्याच्या विहिरीत नाडा किती उरला, दादा? तुम्हीच लिहिलं होतं.

हिशेब जुळला तेव्हा मी पाटी खाली ठेवली आणि बसून राहिलो. नागपुरात बसून, तुम्हाला न बघता, तुमच्या पाठीत काय झालं ते एका नाड्यावरून कळलं. विहीर तशीच आहे. त्रिशूळ तिथंच आहे. त्याच मापानं जुनी विहीर मोजली म्हणून ती जास्त भरली. तुम्ही चोरी केली नाही, कडूबानं केली नाही आणि रामराव म्हणतो तेही खरं आहे, त्याची विहीर तीन हात उथळच आहे.

मला माहीत आहे मी तुमच्याकडून काय काढून घेतो आहे. देवानं घरावर नजर टाकली असं तुम्हाला वाटलं होतं. पण खंडोबापुढं बेलभंडार उचलून जे नाही ते बोललात, तर उद्या खरं कळल्यावर तुम्हाला अन्न गोड लागणार नाही. मी तुम्हाला ओळखतो.

शेषराव


उंद्री, ३ मे १९३८

शेषराव, माह्या लेका,

शनिवारी दुपारी पत्र भेटलं. वाचलं अन् उंबऱ्यावर बसलो. मले राग तुहा आला नाई. मले लाज वाटली. येवढ्या लोकाइले मी सांगत राह्यलो का माणूस ताणत नाई, आखडत नाई, दोर आखडते. मंग जुन्या इहिरीवर गेलो, काठावर बसून त्रिशुळाकडे पाहत राह्यलो. पाण्यात माह्यं तोंड दिसत व्हतं, तेवढ्यावरून काई समजत नव्हतं.

रविवारी सारं गाव देवळात. रामराव समोर, कडूबा मागे कोपऱ्यात. पंचाइनं ताटलीत बेल अन् भंडार ठेवला. मी पुढे गेलो, दोन्ही हातानं उचलला. साऱ्याइले वाटलं आता म्हणन का परस तोच हाय.

मी म्हटलं, "खंडोबाची आन घेऊन सांगतो. माहा परस आता आखूड झाला हाय. मी आखूड झालो. माह्यं माप खोटं पडलं, मी खोटा नाई."

मंग तुही दोन्ही पत्रं, आधीचं बी, काढून वाचून दाखवली, कोरकूचं, साहेबाचं, फिटरचं, साऱ्याचं. काहीइले समजलं, काहीइले नाई. रामराव म्हणे, कागदावर कोणी बी लिहिन. मी म्हटलं, सुतळी घे, तूच माप. त्यानं भिंतीले उभं करून माही उंची घेतली, मंग हात पसरवून वाव घेतली. आठ बोटं. त्यानं पुन्हा घेतली. पुन्हा आठ. मंग माह्या आजच्या परसाच्या दोरात आठ बोटं वाढवून पहिली गाठ मारली, त्याच मापानं नऊ गाठी केल्या अन् सारे जुन्या इहिरीवर गेले. कडूबानं पाण्यात बुडी मारून त्रिशुळावर टोक धरलं. रामराव काठावरून मोजत व्हता. सात, आठ, नऊ. नववी गाठ बरोबर काठाच्या चिऱ्यावर टेकली, शेषराव. एका बोटाचा फरक नाई. बावीस सालाआधीचा मी त्या दोरात जसाचा तसा सापडलो. लोकं हात जोडून राह्यले. कोणाले जोडले ते त्याइले बी माहीत नसंन.

रामरावनं डोक्यावरचा फेटा काढला अन् माह्या पायाकडे वाकला. मी धरला त्याले. म्हटलं, तुही इहीर तीन हात उणी हाय हे खरं हाय, मी अन् कडूबा मिळून खोदून देतो, म्हणजे तो खोदन, मी काठावर बसतो. मंग रामराव काय म्हणे माहीत हाय? म्हणे, आता माही बी वाव घ्या. घेतली. चार बोटं. तोंड उतरलं त्याचं. मंग जो येईन तो हात पसरून उभा. तिसऱ्या पहरापर्यंत गावातले सारे म्हातारे भिंतीले लावले. हिंमतराव सहा बोटं. किसनराव पाटील दोन. माळ्याचे, कुणब्याचे, कोणाचा मेळ कोणासंग बसत नाई. अन् कडूबा, माह्याहून चार वर्सानं मोठा, जलमभर डोक्यावर दगड वाह्यले, त्याची वाव अन् उंची सुतळीले सुतळी सारखी. तो बिचारा घाबरला, म्हणे माह्यात काई कमी हाय का. हे सारं लिहून पाठवलं हाय मांगच्या कागदावर, तुह्या साहेबाले देजो. त्याच्या दहा माणसात उंद्रीचे एकवीस घालजो.

आखाजी झाली, आता दोन-चार दिवसात नागपूरले येतो. बैलगाडीनं खामगाव, तिथून रेल्वे. वाटेत ओझं उचलत-बिचलत नाई काई, तुही वहिनी संग राहीन. मले पाहाचं हाय ते. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोकं ज्या अस्थी वेचतात, त्या आपल्या आपण डोळ्यानं पाहाच्या, म्हणजे काय गोष्ट हाय ही. भेव बी वाटते अन् पाहाशिवाय राहवत बी नाई.

रविवारी रात्री जेवून उठलो तर तुही वहिनी माहा धुतलेला सदरा घडी करत व्हती. सहज हातात घेतला. खालची किनार दुमडून शिवली व्हती. एकदा नाई, दोनदा. आंदाची शिवण निराळी, गेल्या सालची निराळी. सारे सदरे पाह्यले, साऱ्याइले तसंच. धोतराले बी वरून चुणी घालून देत व्हती. मी विचारलं, "गोजर, तुले माहीत व्हतं?" ती म्हणे, तीन सालापासून. मी म्हटलं, "मंग बोलली काऊन नाई?" ती शिवणीवरून बोट फिरवत राह्यली. मंग म्हणे, "तुमी गावाचं माप व्हते. तुमाले कमी कसं म्हणू?"

तुहा दादा,
पुंजाजी